कॉन्टिनेंटल परत आली तेव्हा: चाहत्यांनी काय मागितलं, लिंकनने काय दिलं

मार्च २०१५ संपता संपता, न्यूयॉर्कचं मोटर प्रदर्शन उघडायच्या तोंडावर, फोर्डच्या उंची गाड्या बनवणाऱ्या लिंकन विभागाने एक निळी सेडान जगासमोर आणली. ती कॉन्सेप्ट गाडी होती, विक्रीची नव्हे. पण तिच्यावरचं नाव तेरा वर्षांनी परत येत होतं: कॉन्टिनेंटल. पुढच्या वर्षी ही गाडी खरोखरच बाजारात येईल, हेही कंपनीने त्याच दमात सांगून टाकलं. अमेरिकी गाड्यांवर जीव असलेल्या लोकांत त्या आठवड्यात जी खळबळ उडाली, ती मुख्यतः आनंदाची होती. लिंकनबद्दल आनंदाने बोलावं असं या मंडळींना फार वर्षांनी वाटत होतं.

जानेवारी २०१६ मध्ये डेट्रॉईटला विक्रीची गाडी दिसली आणि त्या आनंदात तक्रारीचा सूर मिसळला. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात ती शोरूममध्ये पोचली. ऑक्टोबर २०२० मध्ये शेवटची कॉन्टिनेंटल कारखान्याबाहेर पडली. अमेरिकेतल्या सर्वांत मानाच्या मोटारनावांपैकी एकाचं पुनरागमन चार वर्षांत आटोपलं.

गाडीवेड्यांमध्ये या प्रकरणाचा एक सोपा निकाल रूढ आहे. चाहत्यांनी रिअर व्हील ड्राइव्ह (इंजिनाची ताकद मागच्या चाकांना) मागितली, कंपनीने फ्रंट व्हील ड्राइव्हच्या (ताकद पुढच्या चाकांना) प्लॅटफॉर्मवर, म्हणजे सांगाड्यावर, गाडी बांधली, म्हणून ती पडली. मला हा निकाल अर्धवट वाटतो. चाहत्यांचं गाडीबद्दलचं निदान जवळपास अचूक होतं. विक्रीबद्दलचं त्यांचं भाकीत मात्र तपासाला टिकत नाही. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्यामुळे कंपनीचं नेमकं काय चुकलं, ते नीट दिसत नाही.

नावात काय साठलं होतं

पहिली कॉन्टिनेंटल १९३९ ची. हेन्री फोर्ड यांचे चिरंजीव एडसेल फोर्ड यांनी फ्लोरिडातल्या सुट्टीसाठी डिझायनर बॉब ग्रेगरी यांच्याकडून स्वतःपुरती एक उघडी गाडी करून घेतली. ओळखीच्या श्रीमंत मंडळींनी तशीच मागितली, म्हणून ती उत्पादनात गेली. एक बारकावा इथे लक्षात ठेवायला हवा. ही गाडी लिंकन झेफरच्या सांगाड्यावर बांधलेली होती. म्हणजे दुसऱ्या गाडीचा पाया उसना घेण्याची रीत कॉन्टिनेंटलच्या जन्मापासूनच आहे, आणि त्यामुळे तिची शान कधी कमी झाली नव्हती.

१९५६ ची कॉन्टिनेंटल मार्क टू जवळपास हाताने बांधलेली होती. किंमत सुमारे १० हजार डॉलर, त्या काळी डोळे पांढरे करणारी. तरीही फोर्डला तिच्यात तोटाच झाला. दोन वर्षांत सुमारे तीन हजार गाड्या झाल्या आणि प्रकरण मिटलं.

चाहत्यांच्या मनातली कॉन्टिनेंटल मात्र १९६१ ची. लिंकन विभाग तोट्यात होता आणि फोर्डचे वरिष्ठ अधिकारी रॉबर्ट मॅकनामारा तो बंदच करावा अशा विचारात होते. डिझायनर एल्वुड एंगल यांनी थंडरबर्ड या फोर्डच्या दोन दारांच्या गाडीसाठी केलेला एक आराखडा त्यांच्या नजरेस पडला. तो वाढवून चार दारांचा करता येत असेल तर लिंकनला जीवदान, असं ठरलं. निघालेली गाडी आधीच्या लिंकनपेक्षा सुमारे १५ इंचांनी आखूड होती. मागे पंखांसारख्या शेपट्या नाहीत, क्रोमची लयलूट नाही, सरळ सपाट बाजू आणि मागे बिजागरी असलेले मागचे दरवाजे. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) आखूड असल्याने नमुन्याच्या गाडीतून उतरताना पाय दारावर आपटत, म्हणून दारं उलटी लावली, अशी हकिकत सांगितली जाते. प्रत्येक गाडीची चाचणी कसून व्हायची आणि कंपनी दोन वर्षांची किंवा २४ हजार मैलांची हमी द्यायची. इतकी हमी तेव्हा अमेरिकेत कोणी देत नव्हतं. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची गडद निळी लांबवलेली गाडी याच पिढीतली. अमेरिकी ऐषआरामाला संयमाचं रूप इथे मिळालं, आणि ते पुन्हा कधी तितकं नेमकं जमलं नाही असं मी म्हणेन.

पुढचा प्रवास उताराचा आहे. १९८८ ची कॉन्टिनेंटल फोर्ड टॉरसच्या पायावर उभी राहिली: फ्रंट व्हील ड्राइव्ह, सहा सिलिंडरचं व्ही-६ इंजिन. १९९५ च्या पिढीत आठ सिलिंडरचं व्ही-८ आलं, पण पुढच्याच चाकांना जोडलेलं. २००२ मध्ये नाव थांबलं. त्याच सुमारास लिंकनने एलएस नावाची रिअर व्हील ड्राइव्ह सेडान काढली होती, जग्वार एस-टाइपची सख्खी बहीण. जाणकारांनी तिचं कौतुक केलं, कंपनीने तिला वारस दिला नाही आणि २००६ मध्ये तीही गेली. मग एमकेझेड, एमकेएस, एमकेएक्स अशी एकात एक गुंतणारी नावं आली. ती लक्षात ठेवणं डीलरच्या माणसालाही अवघड होतं.

म्हणजे २०१५ मध्ये ‘कॉन्टिनेंटल’ हा शब्द उच्चारताना कंपनी दोन वेगळ्या आठवणी जाग्या करत होती. एक १९६१ ची, दुसरी १९८८ ची. चाहत्यांनी पहिली ऐकली. नवी गाडी रूपाने पहिलीकडे पाहत होती आणि हाडापेराने दुसरीची वारस होती.

दहा महिन्यांची वाट

न्यूयॉर्कच्या कॉन्सेप्टने अपेक्षा वाढवल्या, यात तिचा दोष नाही. कॉन्सेप्टचं कामच ते. डेव्हिड वुडहाउस यांच्या चमूने केलेली ती गाडी खरंच देखणी होती. दरवाज्यांचे दांडे खिडकीच्या खालच्या क्रोमपट्टीत लपवलेले, तीस प्रकारे हलवता येणारी पुढची आसनं, मागे हातपाय ताणून बसण्याची सोय, आणि बॉनेटखाली तीन लिटरचं ट्विन टर्बो व्ही-६. बेंटलीचे तेव्हाचे डिझाइनप्रमुख ल्युक डोंकरवोल्के यांनी जाहीरपणे चिडून विचारलं, तुम्हाला आमचे साचेच पाठवून देऊ का? त्यांच्या मते ही गाडी बेंटली फ्लाइंग स्परच्या फारच जवळ जात होती. लिंकनला या वादाने नुकसान झालं असं मला वाटत नाही. वीस वर्षांत लिंकनची तुलना बेंटलीशी कोणी केली नव्हती.

त्या काळात चाहत्यांच्या बोलण्यात तीन मागण्या वारंवार येत होत्या. रिअर व्हील ड्राइव्हचा प्लॅटफॉर्म, व्ही-८ इंजिन, आणि उलटे उघडणारे मागचे दरवाजे. तिसरी मागणी बरीचशी भावनेची होती आणि ती पुरी होईल असं मागणाऱ्यांनाही फारसं वाटत नव्हतं. पहिल्या दोन मागण्यांमागे मात्र हिशेब होता.

चाकांना ताकद कुठून मिळते हा मुद्दा वाचकाला किरकोळ वाटू शकतो. बहुतेक मालकांना तो गाडी चालवताना जाणवणारही नाही, हे खरं आहे. फरक डोळ्यांना कळतो. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं चालकाच्या दाराच्या जवळ येतात. नाक चाकांच्या पुढे लोंबतं. रिअर व्हील ड्राइव्हमध्ये इंजिन उभं बसतं, पुढचं चाक बंपरकडे सरकतं आणि चाक ते दार या मधल्या जागेत गाडीचा रुबाब तयार होतो. मर्सिडीज एस-क्लास किंवा बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीज बाजूने पाहा. जे भारदस्त वाटतं ते याच अंतरामुळे. रंग, क्रोम, चामडं यांपैकी कशानेही हे अंतर नंतर आणता येत नाही. ते पहिल्या दिवशी पैसे मोजून विकत घ्यावं लागतं.

म्हणून मी म्हणतो की चाहते ड्राइव्हशाफ्ट (मागच्या चाकांपर्यंत ताकद नेणारा दांडा) मागत नव्हते. ‘या गाडीसाठी म्हणून तुम्ही पैसा घातलात का?’ असं ते विचारत होते. रिअर व्हील ड्राइव्ह ही त्या प्रश्नाची दिसणारी खूण होती.

फ्लॅट रॉकमधली अडचण

डेट्रॉईटला उत्तर मिळालं. नवी कॉन्टिनेंटल फोर्ड फ्युजन या मध्यम कौटुंबिक सेडानच्या सीडी४ प्लॅटफॉर्मची ताणलेली आवृत्ती होती. लांबी पाच मीटर अकरा सेंटिमीटर, व्हीलबेस जवळजवळ तीन मीटर. मूळ रूपात फ्रंट व्हील ड्राइव्ह, जादा पैसे मोजल्यास ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद). इंजिनं तीन: ३०५ अश्वशक्तीचं साधं ३.७ लिटर व्ही-६, ३३५ अश्वशक्तीचं २.७ लिटर ट्विन टर्बो आणि ४०० अश्वशक्तीचं ३ लिटर ट्विन टर्बो. गिअर मात्र सहाच, तेही प्रतिस्पर्धी आठ गिअरवर जाऊन स्थिरावले असताना. सुरुवातीची किंमत ४५ हजार डॉलरच्या आसपास, सगळं घातलं तर ७० हजारांच्या पुढे.

ही गाडी मिशिगनमधल्या फ्लॅट रॉक कारखान्यात बनत होती. त्याच कारखान्यात मस्टँगही बनत होती, रिअर व्हील ड्राइव्हवाली आणि पाच लिटरच्या व्ही-८ सह. चाहत्यांना सर्वांत जास्त झोंबलं ते हे. हवं ते सगळं एकाच छपराखाली होतं, मग कॉन्टिनेंटलच्या वाट्याला फ्युजन का?

या प्रश्नाचं उत्तर चाहत्यांना वाटतं तितकं लाजिरवाणं नाही. मस्टँगचा सांगाडा दोन दारांच्या, जमिनीलगतच्या गाडीसाठी आखलेला होता. त्यात मागच्या प्रवाशाला सन्मानाने बसवण्याइतकी जागा काढायची तर जवळपास नवाच सांगाडा करावा लागला असता. शिवाय मस्टँगला ऑल व्हील ड्राइव्ह नव्हतीच, आणि शिकागो, बोस्टन, डेट्रॉईटच्या बर्फात सत्तर हजारांची सेडान घेणारा माणूस ती मागतोच. दुसरा पर्याय म्हणून चाहते ऑस्ट्रेलियातली रिअर व्हील ड्राइव्ह सेडान फोर्ड फाल्कन सुचवत. पण ती गाडी, तो कारखाना आणि तिथलं उत्पादन हे सगळंच ऑक्टोबर २०१६ मध्ये संपणार होतं. म्हणजे तयार पाया हाताशी नव्हता. नवा करायचा तर वेळ आणि पैसा दोन्ही हवे होते, आणि लिंकनला जुन्या एमकेएस सेडानची जागा लगेच भरायची होती.

हे निर्णय घेणाऱ्यांत लिंकनचे तेव्हाचे अध्यक्ष कुमार गल्होत्रा होते, भारतात जन्मलेले अभियंते. पुढे ते फोर्डचे चीफ ऑपरेटिंग ऑफिसर झाले. गल्होत्रा आणि फोर्डचे मुख्याधिकारी मार्क फील्ड्स यांनी गाडीची दिशा स्पष्ट सांगितली होती: जर्मन गाड्यांशी शर्यत नको, शांत ऐषआराम हवा. त्या दिशेत मला काही खोट दिसत नाही. १९६१ ची गाडीही शर्यतीची नव्हतीच.

गाडी म्हणून कशी होती

इथे चाहत्यांनी थोडा अन्याय केला. आत बसल्यावर कॉन्टिनेंटल तिच्या किमतीच्या बहुतेक गाड्यांपेक्षा निवांत होती. तीस प्रकारे हलणारं आसन ऐकायला दिखाऊ वाटतं, पण दोन्ही मांड्यांना वेगवेगळा आधार देणारी ती रचना लांबच्या प्रवासात पाठीचं भलं करत असे. दरवाजा उघडायला दांडा ओढायचाच नाही. आतल्या बाजूने बोट लावलं की विजेवर चालणारी कडी सुटायची, आणि बंद करताना दार शेवटचे काही मिलिमीटर स्वतःच ओढून घ्यायचं. मागच्या आसनाला थंडावा, ऊब, मालिश. ब्लॅक लेबल या सर्वांत वरच्या आवृत्तीत रंग आणि चामड्याची निवड खऱ्या अभिरुचीने केलेली होती. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये मागच्या आसावर दोन क्लच होते. ते डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटून द्यायचे, त्यामुळे एवढी जड गाडी वळणावर पुढच्या चाकांनिशी फरफटत जात नसे.

दोष होता तो बाहेरून, बाजूने पाहताना. नाक लांबटलेलं, चाक दाराला चिकटलेलं. वाड्याचा दिंडी दरवाजा राखून मागे फ्लॅट बांधावेत तसं काहीसं. पुढून पाहताना मन भरतं, कोपऱ्यावरून वळलं की हिशेब दिसतो. आणि सत्तर हजारांत माणूस रुबाबासाठीच पैसे देतो. नुसत्या सोयीसाठी त्याला तीस हजारांत उत्तम गाड्या मिळत होत्या.

तीन शेजारणी

चाहत्यांचं म्हणणं तपासायला योगायोगाने त्याच काळात तीन गाड्या बाजारात आल्या. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा या तुलनेत आहे.

पहिली कॅडिलॅक सीटी६, २०१६ ची. जनरल मोटर्सने तिच्यासाठी नवा रिअर व्हील ड्राइव्ह प्लॅटफॉर्म काढला, ॲल्युमिनियमचा सढळ वापर करून वजन आटोक्यात ठेवलं. पुढे तिच्यासाठी म्हणून ४.२ लिटरचं ट्विन टर्बो व्ही-८ बांधलं, ५५० अश्वशक्तीचं. लिंकनच्या चाहत्यांनी मागितलेलं जवळजवळ सगळं डेट्रॉईटमधल्याच दुसऱ्या कंपनीने दिलं. विक्री? अमेरिकेत २०१७ मध्ये सुमारे साडेदहा हजार. कॉन्टिनेंटल त्याच वर्षी सुमारे बारा हजार विकली गेली. सीटी६ चं अमेरिकी उत्पादन २०२० च्या सुरुवातीलाच थांबलं, कॉन्टिनेंटलच्याही काही महिने आधी. ‘रिअर व्हील ड्राइव्ह दिली असती तर चालली असती’ हा दावा इथे कोसळतो. अमेरिकी श्रीमंत माणूस तोवर एसयूव्हीत जाऊन बसला होता आणि कोणत्याही सांगाड्यासाठी तो खाली उतरायला तयार नव्हता.

दुसरी व्होल्व्हो एस९०. तीही फ्रंट व्हील ड्राइव्हवरच आधारलेली, इंजिन आडवंच, तेही चार सिलिंडरचं. तरी बाजूने पाहिलं तर ती रिअर व्हील ड्राइव्ह वाटते. कारण व्होल्व्होने नवा प्लॅटफॉर्म आखतानाच पुढचं चाक आणि डॅशबोर्ड यांच्यातलं अंतर मोठं ठरवून पक्कं केलं आणि बाकीची मापं लवचीक ठेवली. ज्या गोष्टीसाठी चाहते रिअर व्हील ड्राइव्ह मागत होते, ती गोष्ट फ्रंट व्हील ड्राइव्हमध्येही देता येते, फक्त सुरुवातीलाच ठरवावं लागतं. फोर्डच्या बचावातला सर्वांत मोठा मुद्दा, ‘आमच्याकडे योग्य सांगाडाच नव्हता’, एस९० मुळे अर्धा गळून पडतो. फ्युजन आखली जात होती तेव्हा तिच्यावर कधीतरी लिंकनची मुख्य गाडी उभी राहील हा विचार झालेला दिसत नाही.

तिसरी घरातलीच, २०१८ ची लिंकन नेव्हिगेटर. हिचाही पाया उसना, फोर्ड एक्स्पिडिशनचा. पण एक्स्पिडिशन ही फोर्डच्या घरातली सर्वांत मोठी आणि दणकट एसयूव्ही होती. पायाच रुंद, उंच, भारदस्त. त्यावर लिंकनच्या डिझायनरांनी तेच शांत ऐषआरामाचं काम केलं, तीच तीस प्रकारे हलणारी आसनं घातली, आणि मागणी इतकी आली की फोर्डला केंटकीच्या कारखान्यात उत्पादन वाढवावं लागलं. डिझायनर तेच, विचार तोच, डीलर तेच. म्हणजे लिंकनला ऐषआराम जमत नव्हता असं नाही. पाया कुठला उसना घेतला, यावर सगळं ठरलं. सर्वांत चांगल्या गाडीचा घेतला तर ग्राहकाला त्यात काही खटकत नाही, मध्यम कुटुंबाच्या गाडीचा घेतला तर खटकतं.

चीनचा विचार

अमेरिकेतल्या चाहत्यांच्या चर्चेत एक पक्ष जवळपास नसायचाच: चीनचा ग्राहक. लिंकनने २०१४ च्या अखेरीस चीनमध्ये दुकानं उघडली आणि कॉन्टिनेंटल आखताना तो बाजार कंपनीच्या डोळ्यांसमोर होता. तिथे मोठी सेडान घेणारा बहुतेकदा मागे बसतो. (आपल्याकडच्या वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही, मुंबईत मोठी गाडी घेणारा मालकही मागेच बसतो.) मागच्या माणसाला सपाट फरशी, भरपूर गुडघ्यांची जागा आणि शांतता हवी. फ्रंट व्हील ड्राइव्हचा सांगाडा या तिन्ही गोष्टी स्वस्तात देतो. मोठ्या इंजिनावर चीनमध्ये कर चढत जातो, म्हणून तिथे कॉन्टिनेंटल दोन लिटरच्या टर्बो इंजिनातही विकली गेली.

या बाजूने पाहिलं तर लिंकनचा निर्णय मूर्खपणाचा अजिबात नव्हता. पण गाडी मिशिगनमध्ये बनून चीनला जात होती. जुलै २०१८ मध्ये अमेरिका-चीन व्यापारयुद्धात चीनने अमेरिकेत बनलेल्या गाड्यांवरचं आयातशुल्क ४० टक्क्यांवर नेलं. ज्या ग्राहकासाठी तडजोड केली, त्याच्या दारापर्यंत पोचायचा रस्ताच महाग झाला.

उलटे दरवाजे

दरम्यान अमेरिकेतली विक्री घसरत होती. २०१८ मध्ये नऊ हजारांच्या खाली, २०१९ मध्ये साडेसहा हजारांच्या आसपास. मार्क फील्ड्स मे २०१७ मध्येच गेले होते. त्यांच्या जागी आलेल्या जिम हॅकेट यांच्या काळात, एप्रिल २०१८ मध्ये, फोर्डने उत्तर अमेरिकेतल्या आपल्या जवळपास सगळ्या सेडान बंद करण्याचं जाहीर केलं. त्यात फ्युजन होती. कॉन्टिनेंटलचं भवितव्य त्या दिवशीच ठरलं असं मी मानतो, कारण जिच्या पायावर ती उभी होती ती गाडीच जाणार होती. मधल्या काळात मोठी डागडुजी, नवा गिअरबॉक्स, नवं नाक असलं काहीच झालं नाही.

आणि मग, डिसेंबर २०१८ मध्ये, लिंकनने चाहत्यांची तिसरी, सगळ्यांत अशक्य वाटणारी मागणी पुरी केली. कॉन्टिनेंटलच्या ८० व्या वर्षानिमित्त ८० गाड्यांची कोच डोअर आवृत्ती. मॅसॅच्युसेट्समधल्या कॅबट कोच बिल्डर्सकडे गाडी पाठवायची, तिथे ती सहा इंच लांब होणार आणि मागचे दरवाजे १९६१ सारखे मागून उघडणार. किंमत एक लाख डॉलरच्या पुढे. सगळ्या ८० गाड्यांना झटपट मागणी आली, आणि २०२० साठी आणखी जास्तीत जास्त १५० काढायचं ठरलं.

यावरून ‘बघा, चाहते बरोबर होते’ असं म्हणणं सोपं आहे. मी ते पूर्ण मान्य करत नाही. ८० ग्राहक लाख डॉलर देतात म्हणून ८ हजार देतील असं नसतं. एवढ्या थोड्या गाड्यांवर कारखाना चालत नाही. पण या आवृत्तीने एक गोष्ट दाखवून दिली. सहा इंच लांबी आणि ती दारं यांनी गाडीची बाजू एकदम सावरली. तोच सांगाडा, तेच इंजिन, तेच सहा गिअर. पहिल्यांदाच ही गाडी दुसऱ्या कुठल्याही फोर्डसारखी दिसत नव्हती. तिचे फोटो पाहणाऱ्यांत पुढची चाकं ओढतात की मागची, हा प्रश्न कोणी काढत नव्हतं.

माझ्या मते लिंकनने इथूनच सुरुवात करायला हवी होती. २०१६ मध्ये, पहिल्या दिवशी, छोटी संख्या, लांब व्हीलबेस, उलटे दरवाजे, लाखाच्या आसपास किंमत, आणि तिच्या सावलीत साधी कॉन्टिनेंटल. तेव्हा कॉन्सेप्ट ताजी होती, बेंटलीची तक्रार ताजी होती, वर्तमानपत्रं लिहायला तयार होती. साधी गाडी विकत घेणाऱ्यालाही आपण त्या घराण्यातली गाडी घेतोय असं वाटलं असतं. फायदा झाला असता का? बहुधा नाही, सीटी६ चा दाखला समोर आहे. पण विभागाची पत वाढली असती, आणि मुख्य गाडीचं काम बहुतेक वेळा तेच असतं. निरोपाच्या वेळी तीच गाडी काढल्याने ती संग्राहकांच्या गॅरेजात गेली आणि बाकी कॉन्टिनेंटलला तिचा काडीचा उपयोग झाला नाही.

पुढे काय झालं

चाहत्यांनी मागितलेला रिअर व्हील ड्राइव्हचा प्लॅटफॉर्म फोर्डने अखेर बांधला. सीडी६ त्याचं नाव. २०२० ची लिंकन एव्हिएटर त्यावर आली: इंजिन उभं, तीन लिटरचं ट्विन टर्बो व्ही-६, ४०० अश्वशक्ती, दहा गिअर, आणि पुढचं चाक ते दार यांच्यातलं ते हवंहवंसं अंतर. कॉन्टिनेंटलकडून अपेक्षित असलेलं बरंच काही त्या गाडीत आहे, फक्त ती तीन रांगांची एसयूव्ही आहे. नवा सांगाडा करायला पैसा नव्हता हे उत्तर त्यामुळे पूर्ण खरं ठरत नाही. पैसा होता, सेडानसाठी नव्हता. बाजाराकडे पाहता तो निर्णय योग्यच होता, हे मी लिंकनचा चाहता असूनही मान्य करतो. मग इतिहासातलं सर्वांत जड नाव अशा गाडीला का दिलं, जिच्यावर पैसा घालायचा नाही हे आधीच ठरलं होतं, या प्रश्नाला कंपनीकडून समाधानकारक उत्तर कधी आलं नाही. एमकेएसच्या जागी आलेली ही गाडी दुसऱ्या एखाद्या नावाने आली असती, तर एक चांगली, आरामशीर, वाजवी किमतीची सेडान म्हणून लोकांनी तिला मनापासून जवळ केलं असतं. तक्रार गाडीपेक्षा नावाने दिलेल्या शब्दाबद्दल होती.

२०२० मध्ये एमकेझेडही बंद झाली आणि अमेरिकेतल्या लिंकनच्या शोरूममध्ये सेडान उरली नाही. २०२१ मध्ये लिंकनने चीनमध्ये बनणारी, चीनमध्येच विकली जाणारी नवी सेडान दाखवली. फ्रंट व्हील ड्राइव्ह, दोन लिटरचं टर्बो इंजिन. नाव इतिहासातूनच निवडलं, पण या वेळी कॉन्टिनेंटल नव्हे: झेफर.